पनीरचं पाणी, मधुमेह आणि तुमचा धंदा: बाटलीवर दावा छापण्याआधी हा हिशोब करा



दुग्धप्रक्रियेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, पनीर करताना उरलेलं पाणी शुगरवाल्यांना चांगलं असतं म्हणतात. तेच बाटलीत भरून 'डायबेटिक ड्रिंक' म्हणून विकलं तर?"

कल्पना ऐकायला भारी वाटते. कच्चा माल फुकट, ग्राहक भरपूर, वर आरोग्याचं नाव. पण माझं उत्तर आधीच सांगतो: त्या रूपात विकू नका. का नाही, आणि त्याऐवजी काय विकता येईल, हे आज समजून घेऊ. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे सगळे लिहून दिलेत. वही घ्या आणि सोबत हिशोब करा.

१. बाजार खरा आहे, म्हणूनच जबाबदारी मोठी आहे

आयसीएमआरचा इंडियाब नावाचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे तुमच्या गल्लीत, सोसायटीत, नातेवाइकांत हा ग्राहक आहेच. गोड बंद, भात कमी, मग खायचं काय, असा प्रश्न त्याला रोज पडतो. चांगला पर्याय मिळाला तर तो पैसे द्यायला तयार असतो.

पण एक फरक लक्षात ठेवा. चिवडा खारट झाला तर ग्राहक फार तर तक्रार करेल. इथे ग्राहक म्हणजे रुग्ण. तुमच्या बाटलीवर "शुगर कंट्रोल" वाचून एखाद्या काकूंनी गोळी अर्धी केली, तर नुकसान पैशाचं नाही, शरीराचं होतं. त्यामुळे या धंद्यात आधी विज्ञान, मग पॅकिंग.

२. दुधात नेमकं असतं काय?

एक लिटर गाईच्या दुधात साधारण ३२ ते ३५ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातली सुमारे ८० टक्के केसिन आणि उरलेली २० टक्के व्हे प्रथिनं. शिवाय ४५ ते ५० ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर. ही साखर आपण विसरतो, आणि मधुमेहाच्या बाबतीत नेमकं तेच चुकतं.

मधुमेहाच्या संदर्भात चर्चा होते ती मुख्यतः व्हे प्रथिनांची. ती पोटात गोळा न होता पटकन पुढे सरकतात आणि लवकर पचतात. त्यातून सुटणारी अमिनो आम्लं, विशेषतः ल्युसिन, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला उद्युक्त करतात. त्याच वेळी आतड्यातून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं स्रवतात. ती इन्सुलिनला मदत करतात आणि पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतात. जेवणातली साखर रक्तात एकदम न येता हळूहळू येते. केसिनचं उलट आहे. ते पोटात घट्ट होतं, सावकाश पचतं आणि पोट भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं.

म्हणजे कल्पनेत तथ्य आहे. प्रश्न आहे तो मात्रेचा.

३. अभ्यास काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

तीन अभ्यास बघू.

पहिला, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा, २००९ चा. टाइप २ मधुमेह असलेल्या ८ जणांना जेवणाच्या अर्धा तास आधी सूपमधून ५५ ग्रॅम व्हे दिलं. जेवणानंतर वाढणारी साखर कमी राहिली.

दुसरा, इस्रायलमधला, २०१४ चा. १५ रुग्णांना भरपूर कर्बोदकांच्या नाश्त्याआधी ५० ग्रॅम व्हे २५० मिलिलिटर पाण्यातून दिलं. नंतरच्या तीन तासांत रक्तातली साखर एकूण २८ टक्क्यांनी कमी राहिली.

तिसरा, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा, २०२२ चा. १८ रुग्णांनी आठवडाभर प्रत्येक जेवणाच्या १० मिनिटं आधी १०० मिलिलिटरचा छोटा डोस घेतला, त्यात १५ ग्रॅम व्हे प्रथिन होतं. दिवसभरात साखर सामान्य पातळीत राहण्याचा वेळ सुमारे दोन तासांनी वाढला.

आता या तिन्ही अभ्यासांखाली लाल पेनने चार गोष्टी लिहा:

- सगळ्यांत घट्ट केलेलं व्हे प्रथिन वापरलं होतं, पनीरचं पाणी नाही.
- ते जेवणाच्या आधी दिलं होतं. नुसतं कधीही प्यायल्याचा हा परिणाम नाही.
- माणसं मोजकी होती: ८, १५ आणि १८. आशा वाटावी इतका पुरावा आहे, पण औषधाची जागा घ्यावी इतका नाही.
- मोजलं गेलं ते साखरेचं नियंत्रण. "मधुमेह बरा झाला" असं यातला एकही अभ्यास म्हणत नाही.

दह्याचंही असंच आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने दह्यासाठी एक मर्यादित दावा मान्य केला: आठवड्याला किमान दोन कप दही नियमित खाल्ल्याने टाइप २ मधुमेह होण्याचा धोका कमी होऊ शकतो, पण याला पुरावा मर्यादित आहे, हेही त्याच वाक्यात लिहिण्याच्या अटीवर. एका मोठ्या दही कंपनीने २०१८ मध्ये केलेल्या अर्जावर हा निर्णय आला. जागतिक कंपनीला एका वाक्यासाठी पाच वर्षांहून जास्त थांबावं लागलं, तेही "मर्यादित पुरावा" या शब्दांसकट! आणि ती परवानगी अमेरिकेतली आहे. आपल्या लेबलला तिचा काहीही उपयोग नाही.

४. आता तुमच्या पातेल्यातला हिशोब

समजा तुम्ही रोज १०० लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर करता. पनीर निघतं साधारण २० किलो आणि खाली उरते सुमारे ८० लिटर निवळी, म्हणजे पनीरचं पाणी.

या निवळीत प्रथिन किती? बहुतेकांना वाटतं, सगळं व्हे यातच असणार. चीजच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, कारण चीजचं दूध फार तापवत नाहीत. पनीरसाठी मात्र आपण दूध ९० अंशांच्या आसपास नेतो आणि मग लिंबू, सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर घालून फाडतो. इतक्या उष्णतेला व्हे प्रथिनांची घडी मोडते, ती केसिनला चिकटतात आणि पनीरमध्येच जातात. म्हणून पनीरच्या निवळीत प्रथिन उरतं अवघं ०.४ टक्क्याच्या आसपास. लॅक्टोज मात्र पाण्यात विरघळलेलं असतं, ते जवळपास ५ टक्के तसंच राहतं.

मांडा हिशोब:

- ८० लिटर निवळीतलं प्रथिन: सुमारे ३२० ग्रॅम
- ८० लिटर निवळीतलं लॅक्टोज: सुमारे ४ किलो
- २०० मिलिलिटरच्या एका ग्लासात: प्रथिन ०.८ ग्रॅम, लॅक्टोज १० ग्रॅम

न्यूकॅसलच्या अभ्यासातला १५ ग्रॅमचा एक डोस या निवळीतून मिळवायचा तर प्यावी लागेल पावणेचार लिटर. त्यासोबत पोटात जाईल १८० ग्रॅमहून जास्त लॅक्टोज. लॅक्टोज साध्या साखरेपेक्षा हळू चढतं हे खरं, पण शेवटी ते कर्बोदकच. आणि चव यावी म्हणून त्यात तुम्ही १० टक्के साखर घातली, की एका ग्लासात आणखी २० ग्रॅम साखर.

आता सांगा, हे "डायबेटिक ड्रिंक" झालं का?

"मग प्रथिन वेगळं काढू की!" असंही काही जण म्हणतील. त्यासाठी अल्ट्राफिल्ट्रेशनचे पडदे लागतात, स्प्रे ड्रायर लागतो, आणि रोज हजारो लिटर निवळी लागते. अमूलसारख्या मोठ्या सहकारी संस्था ते करू शकतात, त्यांची व्हे पावडर आणि जास्त प्रथिनांचं ताक बाजारात आहेच. १०० लिटरच्या युनिटने त्यांच्याशी त्याच मैदानात कुस्ती खेळायची नसते.

५. मग तुमचं मैदान कोणतं?

वरच्या हिशोबात उत्तर दडलेलं आहे. व्हे प्रथिन निवळीत नाही, म्हणजे ते पनीरमध्ये आहे. दूध नीट उकळून दही लावलं असेल तर ते चक्क्यातही बऱ्यापैकी टिकतं. जे पाण्यात शोधत होतो ते फडक्यावरच राहिलं आहे!

*ताजं पनीर, छोट्या पॅकमध्ये.* १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिन आणि लॅक्टोज फक्त २ ते ३ ग्रॅम. २०० ग्रॅमचा पॅक बहुतेकांकडे असतो. एका माणसाच्या एका नाश्त्याला पुरेल असा ८० ते १०० ग्रॅमचा पॅक करून बघा.

*बिनसाखरेचा चक्का.* महाराष्ट्रात चक्का म्हटलं की लगेच श्रीखंड, आणि श्रीखंडात ४० टक्क्यांच्या आसपास साखर. पण साखर घालण्याआधीचा चक्का घट्ट, आंबूस आणि प्रथिनांनी भरलेला असतो: १०० ग्रॅमला साधारण १० ग्रॅम. शहरातल्या मॉलमध्ये "ग्रीक योगर्ट" म्हणून जे महागात विकतात ते याच घराण्यातलं. जिरेपूड, लसूण-मिरची, पुदिना असे तिखट-खारे प्रकार करता येतात. मीठ मात्र बेताचं, कारण मधुमेहासोबत अनेकांना रक्तदाबही असतो.

*साधं ताक.* साखर नाही, परवडणारं, ओळखीचं. प्रथिन फार नाही, पण कोल्ड्रिंक आणि गोड लस्सीच्या जागी ग्राहक ताक प्यायला लागला तरी त्याचा फायदाच आहे. ते फायद्याचं आहे ते आत औषध आहे म्हणून नाही, साखर टळली म्हणून.

चक्क्याचा एक नमुना हिशोब देतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर घालून बदला. दूध ६० रुपये लिटर, लिटरला ३५० ग्रॅम चक्का, म्हणजे १०० ग्रॅमचे साडेतीन कप. एका कपामागे दूध १७ रुपये, कप-झाकण-लेबल ३, मजुरी आणि वीज ४, थंड वाहतूक आणि परत येणारा माल ३. एकूण २७ रुपये. एमआरपी ४५ ठेवली आणि दुकानदाराला २० टक्के, म्हणजे ९ रुपये दिले, तर तुमच्या हातात ३६. कपामागे ९ रुपये सुटतात. यातूनच कर, हप्ता आणि तुमचा पगार निघायचा आहे. जीएसटीचा चालू दर सीएंना विचारूनच एमआरपी ठरवा. आणि टिकाऊपणा तपासल्याशिवाय शंभर कप एकदम भरू नका. थंड साखळी तुटली की परतीचा माल ३ रुपयांत भागत नाही.

६. लेबलवर काय लिहायचं आणि काय नाही

हा भाग दोनदा वाचा. बरेच चांगले उत्पादक मालामुळे अडचणीत येत नाहीत, शब्दांमुळे येतात.

मधुमेह हा १९५४ च्या औषधं आणि जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीतला आजार आहे. यादीतला आजार बरा होतो, टळतो असा दावा करून वस्तूची जाहिरात करणं गुन्हा आहे. दुसरीकडे एफएसएसएआयचे २०१८ चे जाहिरात आणि दावे नियम सांगतात की अन्नपदार्थ आजार बरा करतो, असा दावा करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि जाहिरात म्हणजे फक्त टीव्ही नव्हे. लेबल, वेष्टन, पत्रक, बिलावरची ओळ, इंटरनेटवरची पोस्ट, सगळं त्यात येतं. व्हॉट्सॲप स्टेटस टाकतानाही हे ध्यानात ठेवा.

हे शब्द वापरू नका: "शुगर कंट्रोल", "मधुमेहावर रामबाण", "इन्सुलिन वाढवते", "डॉक्टरांनी मान्य केलेले". "हेल्थ ड्रिंक" हा शब्दही टाळा. कायद्यात अशी व्याख्याच नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना दुधाची पेयं या गटात दाखवू नका असं बजावलं आहे.

हे शब्द अट पूर्ण होत असेल तरच वापरा:

- "शुगर-फ्री": १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. लॅक्टोजही साखरेतच मोजतात, म्हणून साधं ताकसुद्धा इथे बसत नाही.
- "साखर घातलेली नाही": साखर, गूळ, मध किंवा साखर असलेला कुठलाही घटक घातला नसेल तर. सोबत "यात नैसर्गिक साखर आहे" हेही लिहा.
- "प्रथिनांचा स्रोत": घन पदार्थात १०० ग्रॅममागे रोजच्या शिफारशीच्या १० टक्के, द्रव पदार्थात १०० मिलिलिटरमागे ५ टक्के. आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात पुरुषासाठी दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिन आहे. म्हणजे घनला ५.४ ग्रॅम, द्रवाला २.७ ग्रॅम. चक्का इथे आरामात पास होतो. निवळी ०.४ वर नापास. दह्यात निम्मं पाणी घातलेलं ताकही नापास.

आकडे अंदाजाने छापू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. तो अहवाल फाइलमध्ये असला की तपासणी अधिकारी आले तरी झोप उडत नाही. मधुमेहींसाठीचा खास आहार म्हणूनच विकायचं असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत. सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नका.

७. निवळीचं मग करायचं काय?

गटारात ओतू नका. निवळीचं प्रदूषणमूल्य, ज्याला बीओडी म्हणतात, ते लिटरला ३० ते ५० हजार मिलिग्रॅमच्या घरात असतं. घरगुती सांडपाण्याच्या ते कितीतरी पट आहे. वास येतो, शेजारी भांडतात आणि नोटीसही येऊ शकते.

त्याऐवजी: आंबवलेली निवळी दुसऱ्या दिवशी दूध फाडायला वापरता येते, आम्लाचा खर्च वाचतो. जवळच्या पोळी-भाजी केंद्राला कणीक भिजवायला ताजी निवळी द्या. जनावरांना पाजायची तर ताजी आणि बेतानं, पशुवैद्यकाला विचारून. आणि पेय करायचंच असेल तर जलजिरा किंवा कोकम घालून साधं थंड पेय म्हणून विका, मधुमेहाचं नाव न घेता.

८. काउंटरवर ग्राहकाने विचारलं तर

काका येऊन विचारतील, "हे खाल्लं तर माझी शुगर कमी होईल का हो?" विक्री हातात असते, जीभ घसरायची वेळ हीच. उत्तर असं द्या:

"काका, हे औषध नाही, चांगलं खाणं आहे. यात साखर घातलेली नाही, प्रथिनं भरपूर आहेत. गोळ्या चालूच ठेवा. आणि किडनीचा काही त्रास असेल, तर किती खायचं ते आधी डॉक्टरांना विचारा."

किडनीचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. अनेक वर्षांच्या मधुमेहात किडनीवर परिणाम झालेला असू शकतो आणि अशा रुग्णांना प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टर ठरवून देतात. हे ऐकून एखादा काका त्या दिवशी कप घेणार नाही, चालेल. पण तोच माणूस डॉक्टरांना विचारून परत येतो, आणि येताना कट्ट्यावरच्या दोघांना घेऊन येतो. विश्वासाचं गिऱ्हाईक असंच बनतं.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या १० लिटर दुधातून किती पनीर, किती चक्का आणि किती निवळी निघते ते वजन करून लिहा. तीन दिवस सलग करा, सरासरी काढा.

२. बिनसाखरेच्या चक्क्याचे २० कप करा. ओळखीच्या लोकांना फुकट नाही, अर्ध्या किमतीत द्या. फुकटच्या मालाला सगळे छानच म्हणतात.

३. फ्रिजमध्ये पाच कप ठेवा आणि रोज एक उघडा. वास, चव, सुटलेलं पाणी यांची नोंद करा. शेल्फ लाइफचा हा पहिला अंदाज, पक्का आकडा प्रयोगशाळेतूनच.

४. लेबलचा मसुदा कागदावर लिहा आणि प्रत्येक शब्दासमोर विचारा: हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे आहे का? नसेल तर तो शब्द खोडा.

चारही उत्तरं वहीत आली की मगच मशिनरीचं कोटेशन मागवा, त्याआधी नाही.

पुढच्या भागात चक्का टांगण्याची जागा, फडकी आणि स्वच्छता यावर बोलू, कारण शेल्फ लाइफचं खरं गणित तिथेच ठरतं. तोपर्यंत हिशोब करत राहा. भेटूया!